घराजवळ काम, पण कोणाला? मिश्र वापराची वस्ती कशी आखतात

पुणे, ठाणे, पनवेल, नाशिक, कुठल्याही नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात उघडा, ‘वॉक टू वर्क’ त्यात असतंच. घरातून निघा, पाच मिनिटांत ऑफिस. खाली दुकानं, शेजारी शाळा, पलीकडे दवाखाना. घरं, कामाच्या जागा आणि रोजच्या गरजा एकाच परिसरात बसवल्या की नगररचनाकार त्याला मिश्र वापराची वस्ती म्हणतात. कल्पना उत्तम आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. रोज लोकलला लटकून किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून आयुष्याचे तास घालवण्यापेक्षा ती कधीही चांगली.

पण जाहिरातीत एक प्रश्न कधी विचारलेला नसतो. त्या ऑफिसात काम करणाऱ्याला ते घर परवडेल का? आणि त्या जागेवर ज्यांची शेतं, चाळी, झोपड्या किंवा कारखाने होते, त्यांना त्या ऑफिसात, त्या दुकानांत काय काम मिळेल? काम जवळ येणं आणि जवळच्या माणसाला काम मिळणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर कुठे पडतं आणि आखणी करतानाच ते कसं कमी करता येतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

नकाशाचे रंग

शहराचा विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो, तो रंगवलेला असतो. पिवळा म्हणजे निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा मोकळ्या जागांचा. आपल्याकडे हे सगळं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याखाली चालतं. रंग वेगळे करण्यामागे तेव्हा चांगलं कारण होतं. कातडी कमावण्याचा वास, भट्टीचा धूर, रसायनांचं सांडपाणी लोकांच्या उंबऱ्यात नको, हे कोणीही मान्य करेल.

गोची अशी झाली की धूर सोडणाऱ्या कारखान्यासोबत शिंपी, सायकलवाला, छापखाना, पापड लाटणाऱ्या बायका हे सगळेच ‘निवासी भागातला अनधिकृत वापर’ ठरू लागले. खरं तर आपली जुनी शहरं मिश्रच होती. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी घ्या: खाली तांब्यावर मठार काम, वर बिऱ्हाड. घरातल्या पोराला धंदा शिकायला कुठे जावं लागत नव्हतं. राज्यातल्या बहुतेक शहरांना आता 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात निवासी भागातही दुकानं, कार्यालयं, छोटे व्यवसाय यांना बरीच मुभा आहे, आणि ती मुभा मुख्यतः समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर ठरते. म्हणजे कायद्याच्या पातळीवर मिश्र वापर आता अडलेला नाही. अडतं ते पुढे.

गिरणगाव: आधीही मिश्र, नंतरही मिश्र

एखादा भाग मिश्र वापराचा आहे एवढ्याने स्थानिकांच्या हाताला काम मिळतं का, याचं उत्तर हवं असेल तर परळ-लालबागसारखा दुसरा धडा नाही.

मुंबईत 1850 च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे पन्नासहून जास्त गिरण्यांभोवती गिरणगाव वसलं. भोंगा वाजला की चाळीतून चालत गिरणीतल्या आपल्या खात्यात. घरापासून काम पाच-दहा मिनिटांवर, आणि हे कोणी आखलेलं नव्हतं. गिरणीच्या पगारावर आणखी शेकडो लोकांची चूल पेटायची, आणि ही साखळी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार दहाजणांत एक खोली घेऊन राहायचे आणि खानावळीत जेवायचे. खानावळ म्हणजे चाळीतलीच एखादी बाई, तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीप्रमाणे पंगती उठायच्या. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. त्या बाईला जागेचं वेगळं भाडं नव्हतं, प्रवास नव्हता, पोरं नजरेसमोर होती. घर हेच तिचं दुकान होतं, म्हणून तर तिला धंदा करता आला.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचं सूत्र आलं: एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची ठरली. जिथे इमारती उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून गेली, त्यामुळे महापालिका आणि म्हाडाच्या वाट्याला फारच थोडं उरलं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला.

आज लोअर परळला उभं राहून बघा. टॉवर, मॉल, ऑफिसं, हॉटेलं, मधूनमधून उरलेल्या चाळी. पुस्तकातली मिश्र वापराची व्याख्या लावली तर हा भाग शंभर टक्के बसतो. रोजगारही गिरण्यांच्या पडत्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण चाळीतल्या पोराला त्या काचेच्या इमारतीत जे काम मिळतं ते बहुतेक वेळा सिक्युरिटीचं, हाउसकीपिंगचं किंवा डिलिव्हरीचं असतं. जमीन कोणाच्या हातात राहिली आणि नवं काम कोणत्या शिक्षणाचं आलं, या दोन गोष्टींनी सगळं ठरवलं.

नवी मुंबईचा हिशेब

आता आखून केलेलं उदाहरण घेऊ. 1960 च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी मांडलं की मुंबई दक्षिणोत्तर किती ताणणार, खाडीपलीकडे दुसरं शहर वसवा. 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. शहर एका केंद्राभोवती न वसवता वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर अशा अनेक नोडांत वाटायचं आणि प्रत्येक नोडला आपापलं काम, बाजार, शाळा, स्टेशन द्यायचं, असा विचार होता. मिश्र वापराच्या कल्पनेची ही आपल्याकडची सर्वांत मोठी चाचणी.

यशस्वी व्हायचं तर मोठा रोजगारदाता आधी तिकडे जायला हवा होता. तो रोजगारदाता म्हणजे राज्य सरकार. बेलापूरला कोकण भवन हे सरकारी कार्यालयांचं संकुल झालं, पण मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिलं. खाडीवरचा पूल 1973 मध्ये झाला आणि लोकल वाशीला पोचली ती 1992 मध्ये. मधली वीस वर्षं घरं होती, काम मुंबईत होतं, आणि माणसं बसमध्ये होती. नोकऱ्यांआधी घरं आली की वस्ती झोपायची जागा होते, ही सवय मग पिढीभर सुटत नाही.

याच नवी मुंबईत एक गोष्ट मात्र चांगली जमली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुंबईतले घाऊक बाजार वाशीला हलवले गेले: कांदा-बटाटा, धान्य, मसाला, भाजी, फळं. बाजारासोबत माथाडी कामगार आले. बहुतेक सातारा-सांगलीकडचे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला होता, त्यामुळे या कामगारांना मंडळ होतं, नोंदणी होती, ठरलेली मजुरी होती. आणि कोपरखैरणे, घणसोली भागात माथाडींसाठी घरांच्या वसाहतीही झाल्या. म्हणजे एकाच वर्गाचं काम आणि त्याच वर्गाला परवडणारी घरं एकमेकांपासून दोन-चार किलोमीटरवर आली. ‘वॉक टू वर्क’ असं कोणी म्हटलं नाही, पण झालं ते तेच.

दुसरी बाजू भूमिपुत्रांची. 95 गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. आगरी-कोळी माणसाची भातखाचरं, मिठागरं, खाडीतली मासेमारी गेली. मोबदल्यावरून पेटलेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, आणि त्यावर थोडा व्यापारी वापरही करता येतो. नियोजनाच्या दृष्टीने मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण एकरकमी पैशांऐवजी तिने शहरातली जागा दिली. खालच्या मजल्यावर दोन गाळे आणि वर भाडेकरू असले तर कुटुंबाला कायमची मिळकत. अडचण अशी की भूखंड मिळायला अनेकांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली, आणि हातात पैसा नसलेल्या माणसाने वाट पाहून शेवटी कागदावरच हक्क विकला. योजना चांगली असून उशिरा आली की तिचा फायदा दुसराच घेतो.

मगरपट्टा: जमीन न विकता

पुण्यात हडपसरला मुंढव्याच्या बाजूची सुमारे 400 एकर शेतजमीन, सुमारे 120 शेतकरी कुटुंबं, बहुतेक मगर भावकीतली. शहर अंगावर येत होतं. जमीन शहरी होणार हे आराखड्यातून दिसत होतं, शहरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन ठेवू न देणाऱ्या कमाल जमीन धारणा कायद्याची टांगती तलवार होती, आणि बिल्डर एकेकाला गाठत होते. अशा वेळी साधारण काय होतं हे पुण्याच्या चारही बाजूंना दिसतं: जमीन विकली, बंगला बांधला, गाडी घेतली, लग्नं थाटात केली, आणि दहा वर्षांत पैसा संपला.

1990 च्या दशकात सतीश मगर यांनी भावकीपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला. जमीन एकत्र करायची, कंपनी काढायची, प्रत्येकाला जमिनीच्या प्रमाणात हिस्सा. वास्तुरचनाकार हाफिज कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडून आराखडा करून घेतला आणि 2000 च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. घरं, शाळा, बागा, बाजार आणि मधोमध सायबरसिटी हे आयटी पार्क. घरं विकली गेली, पण ऑफिसांच्या जागा भाड्याने दिल्या की त्यांचं भाडं येत राहतं. शेतकरी कुटुंबांतल्या तरुणांनी बांधकामातली कामं, साहित्याचा पुरवठा, वाहतूक, देखभाल अशा कामांत पाय रोवले. ऊस करणारं कुटुंब भागधारक झालं, कंत्राटदार झालं.

हिंजवडीशी तुलना करून बघा. तिथे एमआयडीसीने, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने आयटी पार्क उभं केलं, नोकऱ्या भरपूर आल्या, पण घरं, बाजार, रस्ते यांचा विचार त्या प्रमाणात झाला नाही. मग वाकड, बाणेर, कोथरूडपासून माणसं रोज तिकडे निघाली आणि आता शिवाजीनगरपर्यंत 23 किलोमीटरची मेट्रो करायची वेळ आली. एकाच शहराच्या दोन टोकांना एकाच काळातले हे दोन प्रयोग आहेत.

मगरपट्ट्याचं कौतुक करताना त्याच्या मर्यादाही मांडायला हव्यात. हिस्सा जमिनीच्या प्रमाणात होता, त्यामुळे त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराला या सूत्रात जागाच नव्हती. आयटीतल्या नोकऱ्या आल्या त्या देशभरातून आलेल्या पदवीधरांसाठी. आणि तिथे धुणीभांडी करायला, गाड्या चालवायला, सफाई करायला येणाऱ्यांना तिथलं घर परवडत नाही. ते हडपसर-मुंढव्याच्या गल्ल्यांतून येतात. मालकीचा प्रश्न मगरपट्ट्याने सोडवला. परवडणाऱ्या घरांचा आणि छोट्या धंद्याचा प्रश्न तो सोडवायला निघालाच नव्हता.

किती जागा लागते?

इथे थोडं गणित करू. आकडे अंदाजाचे आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

समजा 10,000 घरांची वस्ती आखायची आहे. दर घरात सरासरी दीड कमावतं माणूस धरलं तर 15,000 माणसांना काम हवं. सगळ्यांना तिथेच काम मिळेल असं कोणी मानू नये. नवरा-बायकोपैकी एकाचं काम बाहेर असणारच. निम्म्यांना, म्हणजे 7,500 जणांना परिसरात काम मिळावं असं लक्ष्य ठेवू.

त्यातले 3,000 ऑफिसात बसणारे; माणशी 10 चौरस मीटर धरले तर 30,000 चौरस मीटर. 1,500 जण दुकानं, खानावळी, सलून यांत. माणशी 25 धरले तर 37,500. 2,000 जण छोट्या कारखान्यांत, दुरुस्तीत, शिवणकामात, छपाईत, पॅकिंगमध्ये. माणशी 20 प्रमाणे 40,000. उरलेले 1,000 शाळा, दवाखाने, इमारतींची देखभाल, रिक्षा, फिरती विक्री यांत, त्यांची जागा सुविधांच्या हिशेबात आधीच धरलेली. बेरीज 1,07,500 चौरस मीटर. घरं सरासरी 60 चौरस मीटरची धरली तर घरांचं बांधकाम 6 लाख चौरस मीटर. म्हणजे कामाची जागा घरांच्या सुमारे 18 टक्के.

हा आकडा फार मोठा नाही. पण बिल्डरच्या आराखड्यात कामाची जागा म्हणून जे दाखवलेलं असतं त्यात बहुतेक वेळा पहिले दोन प्रकारच असतात: ऑफिस आणि दुकान. तिसरा प्रकार, छोटा कारखाना, गायब असतो. दहावी-बारावी झालेल्या, आयटीआय केलेल्या किंवा नुसतं हातात कसब असलेल्या माणसाला काम देतो तो नेमका हाच. नकाशात तो नसेल तर स्थानिकांसाठी सिक्युरिटीची टोपी तेवढी उरते.

गाळ्याचं भाडं

नियोजनाच्या बैठकांत एफएसआयवर, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल यावर तासन्‌तास चर्चा होते आणि गाळ्याच्या आकारावर पाच मिनिटंही होत नाही. मला वाटतं, स्थानिक रोजगाराचं खरं मोजमाप गाळ्याचा आकार आणि त्याचं भाडं हेच आहे.

एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा हिशेब मांडू. दिवसाला आठ ब्लाउज, शिलाई 150 रुपये धरली तर 1,200. महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 30,000. त्यातून अस्तर, दोरा, हूक, वीज, काजं-बटणं करणाऱ्या मुलीचा पगार जाऊन 20,000 च्या आसपास उरतात. त्यातले 6,000 भाड्याला गेले तर तिच्या हाती घर चालवण्याइतकं राहतं. 15,000 गेले तर ती धंदाच करणार नाही. म्हणजे तिला 100 ते 120 चौरस फुटांचा गाळा हवा आणि भाडं चौरस फुटाला 50-60 रुपयांच्या पुढे जाता कामा नये. नव्या प्रकल्पात दुकानं 300-400 फुटांची असतात, विकत घ्यायची असतात, आणि ती घेतो दुसऱ्या शहरातला गुंतवणूकदार. तो बँकेच्या हप्त्याच्या हिशेबाने भाडं लावतो. मग तिथे औषधांची साखळी दुकानं, ब्रँडेड कॉफी आणि बँकेचं एटीएम येतं. ब्लाउज शिवणारी बाई पुन्हा आपल्या जुन्या गल्लीत जाते.

यावर उपाय नवे नाहीत. महापालिकेची मंडई हा सर्वांत जुना उपाय: जागा पालिकेची, गाळा भाड्याने, विक्रेता छोटा. पुण्याची महात्मा फुले मंडई 1880 च्या दशकात झाली. (ज्यांचं नाव तिला मिळालं त्या जोतीरावांनी पालिकेचे सदस्य असताना या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता; तो पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही हवं, असं आज म्हणावंसं वाटतं.) दुसरा उपाय सहकारी औद्योगिक वसाहतीचा. छोट्या उद्योजकांनी संस्था करून भूखंड घ्यायचा, रस्ते-पाणी-वीज एकत्र करायची, गाळे सभासदांचे. महाराष्ट्राला सहकार शिकवायला नको. तिसरा उपाय आराखड्यातच अट घालण्याचा: रस्त्याकडेच्या तळमजल्यावर ठरावीक टक्के गाळे 120 फुटांच्या आतले, आणि ते पालिकेकडे किंवा रहिवाशांच्या संस्थेकडे भाड्याने देण्यासाठी कायम राहतील, विकले जाणार नाहीत. भाडेकराराची मुदतही महत्त्वाची. 11 महिन्यांच्या करारावर कोणी भट्टी बांधत नाही, मशीन बसवत नाही, दुसऱ्या माणसाला कामावर ठेवत नाही. पाच वर्षांची खात्री असेल तर ठेवतो.

सातव्या मजल्यावर भट्टी लागत नाही

धारावीतल्या कुंभारवाड्यात गेलात तर काम आणि घर एकमेकांत कसं गुंतलेलं असतं ते डोळ्यांना दिसतं. पिढ्यांपूर्वी सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं. पुढच्या खोलीत चाक, मागे किंवा वर राहायचं, आणि मधल्या चौकात भट्ट्या, त्याही दोन-चार कुटुंबांच्या सामायिक. माती टेम्पोने दारापर्यंत येते. ओले माठ, पणत्या सुकायला अंगण लागतं. सुकल्यावर ते डोक्यावर किंवा पाटीत घालून भट्टीपर्यंत न्यायचे, जितकं अंतर जास्त तितके माठ जास्त फुटतात. भट्टीत चिंध्या आणि कापसाचा कचरा जळतो, धूर होतो. तो धूर आरोग्याला वाईट आहे आणि त्यावर गॅसच्या किंवा सुधारित भट्टीसारखा मार्ग काढायलाच हवा. पण या कुटुंबाला सातव्या मजल्यावर चांगली खोली दिली आणि भट्टीचा चौक हिशेबात धरला नाही, तर घर मिळालं आणि धंदा गेला.

म्हणून वस्तीची फेररचना करताना आधी कामांची यादी करावी लागते. कोणतं काम तळमजल्याशिवाय होत नाही: कुंभारकाम, वेल्डिंग, भंगार वेगळं करणं, गाडीदुरुस्ती. कोणतं वरच्या मजल्यावर होऊ शकतं, पण त्याला जास्त वजन पेलणारी स्लॅब, सामानाची लिफ्ट आणि थ्री-फेज वीज लागते: चामड्याच्या बॅगा, छपाई, तयार कपडे. मुंबईच्या जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये असे गाळे तीन-चार मजल्यांपर्यंत चालतात, त्यामुळे ते अशक्य नाही. आणि कोणतं काम घरातच होतं: शिकवण्या, डबे, फरसाण, मणी ओवणं, शिलाई. या शेवटच्या प्रकाराला नियमावलीने नुसतं डोळेझाक करून चालू देऊ नये, रीतसर परवानगी द्यावी. नाहीतर सोसायटीतल्या एका तक्रारीवर बाईचा डब्यांचा धंदा बंद पडतो.

बायकांचा विषय निघालाच आहे तर तो पुढे नेतो, कारण काम जवळ असण्याचा सर्वांत जास्त फायदा त्यांनाच होतो. शाळा सुटते दुपारी, पाणी येतं सकाळी, म्हाताऱ्या सासूला औषध द्यायचं असतं. दीड तास प्रवास असलेली नोकरी हातातली असूनही सोडावी लागते. त्याच परिसरात पाळणाघर असेल, रस्त्यावर संध्याकाळी दिवे आणि माणसं असतील, स्वच्छ शौचालय असेल, तर तीच बाई चार-पाच तासांचं काम सहज करते. पाळणाघराची खोली आराखड्यात नाव घालून राखून ठेवायला खर्च नगण्य येतो. तरी ती दिसत नाही.

रस्ता हीसुद्धा कामाची जागा

पथविक्रेत्यांसाठी 2014 मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचं प्रमाण धरलं आहे, आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत असं म्हटलं आहे. आपल्या 10,000 घरांच्या, 40,000 माणसांच्या वस्तीत हा हिशेब 1,000 विक्रेत्यांपर्यंत जातो. मोठा आकडा वाटतो, पण वडापाव, भाजी, फुलं, चप्पल शिवणारा, चहा, कुल्फी, सगळे धरा. यांच्यासाठी फुटपाथची रुंदी, पाण्याचा नळ, कचऱ्याची सोय आणि ठरलेल्या जागा आधीच आखल्या तर पुढे रोजची गाडी उचलण्याची पळापळ होत नाही. नंतर जागा शोधायची म्हटली तर ती चालणाऱ्यांच्या वाट्यातूनच जाते, आणि मग चालणारा आणि विकणारा एकमेकांवर चिडतात. चूक दोघांचीही नसते.

आधी काय, नंतर काय

वस्ती एका दिवसात उभी राहत नाही, दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यामुळे क्रमाला फार महत्त्व आहे. बांधकाम सुरू होण्याआधीच तिथल्या तरुणांना वायरिंग, प्लंबिंग, लिफ्टची देखभाल, एसी, सौर पॅनेल यांचं प्रशिक्षण मिळालं, तर प्रकल्पातली पहिली कामं त्यांना मिळतात, आणि पुढे चाळीस वर्षं त्याच इमारतींची देखभाल त्यांच्याकडे राहते. बांधकाम संपल्यावर प्रशिक्षण केंद्राचं उद्घाटन केलं तर तोवर कंत्राटं वाटून झालेली असतात. छोटे गाळे पहिल्या टप्प्यात हवेत, शेवटच्या नव्हे. शेवटच्या टप्प्यापर्यंत जमिनीचा भाव चढतो आणि मग परवडणारा गाळा कोणालाच परवडत नाही. बस किंवा मेट्रोही पहिल्या घरांबरोबर हवी. वाशीच्या वीस वर्षांची किंमत आठवा.

जमिनीच्या बाबतीत मगरपट्ट्यासारखी कंपनी सगळीकडे होणार नाही, तिथे एक भावकी होती आणि विश्वास होता. पण नगररचना योजना हे साधन कायद्यातच आहे, मुंबई प्रांतात 1915 पासून. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, बागा, सुविधा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत मूळ मालकांना परत द्यायची. भूखंड लहान होतो, पण त्याला रस्ता मिळतो, किंमत वाढते आणि मालक तोच राहतो. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला हा मार्ग घेतला गेला आहे. तिथेही भूमिहीन आणि भाडेकरूंसाठी वेगळी तरतूद करावीच लागते, कारण योजनेचा पाया सातबारा आहे आणि त्यांच्या नावावर सातबारा नाही. त्यांच्यासाठी भाड्याची घरं आणि भाड्याचे गाळे हाच हिस्सा धरायला हवा.

हरकत कशी लिहावी

विकास आराखड्याचं प्रारूप किंवा नगररचना योजना प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांसाठी मुदत असते आणि नंतर सुनावणी होते. बहुतेक हरकती ‘माझ्या जमिनीवरचं आरक्षण काढा’ एवढ्याच असतात. त्या असाव्यातच. पण रोजगाराबद्दल हरकत आली तर नियोजन समितीला तिची नोंद घ्यावी लागते, आणि ती मोघम नसली तर टाळणं अवघड जातं.

‘स्थानिकांना रोजगार द्या’ असं लिहिलं तर उत्तर येतं, ‘सूचना विचारार्थ’. त्याऐवजी आपल्या भागात आज कोण काय काम करतं याची मोजणी स्वतः करून जोडा. दोन-तीन बचत गटांच्या बायका आणि कॉलेजची मुलं मिळून आठवडाभरात एखाद्या प्रभागाची मोजणी करू शकतात: किती शिंपी, किती गॅरेज, किती डबेवाल्या, किती भाजीवाले, किती कारागीर, कोणाला तळमजला लागतो, कोण किती भाडं भरतो. मग सर्व्हे नंबर आणि रस्त्याच्या नावासह मागणी लिहा: या रस्त्यालगत अमुक इतके 120 फुटांच्या आतले गाळे, पालिकेच्या मालकीचे, पाच वर्षांच्या भाडेकरारावर, या आरक्षणात तळमजल्याला कारागिरांचे गाळे आणि वर पाळणाघर, या चौकात विक्रेत्यांच्या ठरलेल्या जागा आणि नळ. दिलेल्या अर्जाची पोच घ्या, सुनावणीची तारीख लेखी मागा. आणि सुनावणीला त्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना, गॅरेजवाल्याला सोबत न्या. भाड्याचा आकडा त्यांच्याच तोंडून समितीसमोर जाऊ दे.